मागच्या बाकानं गावं असं गीत: मंडळीसाठी नवं उपासनागीत रचण्यापासून वाटण्यापर्यंत

ख्रिस्ती मंडळीसाठी, म्हणजे देवळात (चर्चमध्ये) उपासनेला जमणाऱ्या लोकांसाठी, रचलेलं नवं गीत जमलं की नाही, हे ठरवायची जागा म्हणजे तिथला शेवटचा बाक. तिथे बसलेल्यांच्या हातात कागद नसतो, स्वरलिपी त्यांना येत नाही, आणि निम्मे जण उशिरा आलेले असतात. दुसऱ्या कडव्यानंतर धृपद परत आलं आणि तो बाक गायला लागला, तर गीत मंडळीचं झालं. नाहीतर ते गायकवृंदाचं गीत म्हणायचं. तेही वाईट नाही, पण हा लेख मंडळीच्या गीताबद्दल आहे.

नाशिकमध्ये या कामाला मोठा वारसा आहे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक इथल्याच जलालपूरच्या. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक (1861–1919) यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग आणि भजनाचा वेष दिला, आणि म्हणूनच आज मराठी मंडळीला ती परकी वाटत नाही. दुसरीकडे शरणपूरसारख्या मिशनच्या जुन्या वस्त्या आहेत, जिथे इंग्रजी चालींवर बसवलेली पदं पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. म्हणजे इथल्या माणसाच्या कानात दोन्ही घरं आहेत. नवं गीत रचताना कोणत्या घरात राहायचं, ते पहिल्या दिवशीच ठरवावं. दोन्हीकडे एक-एक पाय ठेवला की ताल घसरतो आणि सूरही.

गीत कुठे गायचं आहे?

शब्द सुचण्याआधी ही जागा ठरवा. प्रवेशाचं गीत चालीचं हवं, कारण लोक उभे असतात. दानार्पणाचं गीत लांबवता-आखडता यायला हवं. प्रभुभोजनाच्या वेळी लोक रांगेत पुढे जातात, हातात पुस्तक नसतं, म्हणून तिथे पाठ होईल असं छोटं धृपद लागतं. मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) तर काही भागांचे शब्द ठरलेलेच असतात: 'प्रभू दया कर', गौरवगीत, 'पवित्र पवित्र'. तिथे मंजूर पाठ जसाच्या तसा घ्यायचा, चाल मात्र नवी देता येते. यमकासाठी त्यातला एखादा शब्द इकडेतिकडे केला, तर फादर ते गीत परत करतील आणि त्यांचं बरोबर असेल.

बाळ येशूच्या यात्रेसारखा उघड्यावरचा मोठा जमाव असेल तर गणित आणखी वेगळं. तिथे लांब कडवी टिकत नाहीत. एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी तीन-चार शब्दांत उत्तर द्यायचं, एवढीच बांधणी चालते. स्पीकरचा आवाज मैदानाच्या टोकाला उशिरा पोचतो, त्यामुळे दुगुन (दुप्पट वेगाची) लय तिथे चिखल होते.

शब्द: एक अभंग उलगडून

पहिल्या गीतासाठी अभंग घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. माप ठरलेलं, चाल बसवायला सोपा, आणि वारकरी मुलुखात वाढलेल्या कुठल्याही माणसाला तो शिकवावा लागत नाही. थोरल्या अभंगात चार चरण असतात, 6-6-6-4 अक्षरांचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. धाकट्यात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. मोजताना लिहिलेलं अक्षर मोजायचं, बोललेलं नाही. बोलताना आपण 'गोड' शब्दातला 'ड' अर्धा सोडतो, पण अभंगात तो पूर्ण वाजतो.

विषय घेऊ बायबलमधल्या योहान 15चा, द्राक्षवेल आणि फाटे. निफाड-दिंडोरीकडच्या मंडळीला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी ज्यानं हातानं केली आहे, त्याला 'अधिक फळ यावं म्हणून साफसूफ करणं' म्हणजे काय ते ठाऊक असतं. पहिला खर्डा समजा असा झाला:

द्राक्षवेल तूच
आम्ही तुझे फाटे
तुझ्याविण काटे
अंगावरी

अक्षरं बरोबर, यमक बरोबर, आणि गीत नापास. द्राक्षवेलीला काटे नसतात. बागवाला माणूस पहिल्याच रविवारी हसेल आणि पुढे कधी मनापासून गाणार नाही. यमकानं ओढून आणलेला शब्द असाच पकडला जातो: तो चरण झाकून उरलेला अर्थ वाचा. अर्थ अडला नाही तर तो चरण भरतीचा आहे. दुरुस्त केलेला अभंग असा:

द्राक्षवेल तूच
आम्ही तुझे फाटे
रस तुझा दाटे
अंगोअंगी

छाटणीची कात्री
तुझ्या हाती देवा
गोडीचा तो ठेवा
घडोघडी

आता दुसरं कडवं. 'घडोघडी'तला घड आणि घडी यांचा खेळ कवीला आवडणारच. पण हे कडवं घेऊन पाळकसाहेबांकडे गेलात, तर ते पहिल्याच वाचनात बोट ठेवतील: पहिल्या कडव्यात 'तू' म्हणजे ख्रिस्त, आणि त्याच वचनात माळी म्हणजे पिता. कात्री कोणाच्या हातात आहे? इथे 'तू' न सांगता बदलला. असली चूक तत्त्वज्ञानाची वाटते, पण मुळात ती व्याकरणाची असते, आणि सर्वनामांवर पेन्सिलीनं गोल काढत गेलं की सापडते. बदल:

छाटणीची कात्री
पित्याचिया हाती
तेणे भरताती
गोड घड

'घडोघडी' गेलं. जाऊ द्या. तिसरं कडवं 'माझ्यामध्ये राहा' या वचनावर:

तुटता सुकावे
बळ दुजे नाही
ठेव तुझ्या ठायी
सर्वकाळ

यातला एक शब्द अजून बदलायचा आहे, पण ते चाल बसवल्यावरच कळेल.

शब्दांबद्दल आणखी थोडं. 'फाटे' हा बायबलच्या मराठीतला शब्द, बागेत 'काडी' म्हणतात. इथे 'फाटे' ठेवला, कारण वाचन ऐकून लगेच गीत गाणाऱ्याला तोच शब्द कानात असतो. बायबलमध्ये 'खरा द्राक्षवेल' पुल्लिंगी आहे आणि बोलीत वेल स्त्रीलिंगी. 'द्राक्षवेल तूच' म्हटल्यानं लिंगाचा प्रश्नच उरत नाही. अशा जागा शोधून ठेवायच्या. आणि 'भरताती', 'पित्याचिया' अशी जुनी रूपं एका गीतात दोनपेक्षा जास्त नकोत. अभंगाचा वास यावा, पण वहीतून उतरवल्यासारखं वाटू नये.

चाल बसवताना

राग भूप घ्या: सा रे ग प ध. मध्यम-निषाद (म, नि) नसल्यानं चुकायला जागा कमी, लहान मुलंही पकडतात. ताल आठ मात्रांचा, भजनी ठेका किंवा केहरवा. प्रत्येक चरण आठ मात्रांत, म्हणजे एक कडवं 32 मात्रांचं. खाली वरची ओळ स्वरांची, खालची शब्दांची; — आणि ऽ म्हणजे आधीचा स्वर किंवा अक्षर आणखी एक मात्रा ओढायचं:

ग — रे ग | — रे प ग
द्रा ऽ क्ष वे | ऽ ल तू च

ग ग रे रे | सा — रे —
आ म्ही तु झे | फा ऽ टे ऽ

सा रे ग प | ध — प —
र स तु झा | दा ऽ टे ऽ

प — ग — | रे — सा —
अं ऽ गो ऽ | अं ऽ गी ऽ

पहिल्या ओळीतला सगळ्यात वरचा स्वर, पंचम (प), 'तू'वर आहे. वाक्यात जोर तिथेच आहे. तिसऱ्या ओळीत रस चढतो तसे स्वर चढतात आणि 'दाटे'वर धैवतावर (ध) थांबतात. शब्द काय म्हणतो आहे तिकडे सुरानं जावं, एवढाच नियम. त्यासाठी हरकती लागत नाहीत.

नवशिका पहिली ओळ बहुधा अशी बसवतो: द्रा ऽ क्ष ऽ | वे ल तू च. कागदावर हे जास्त नीटनेटकं दिसतं. पण 'क्ष' हा ऱ्हस्व. तो दोन मात्रा ओढला की 'द्राक्षाऽ' ऐकू येतं आणि 'वेल' घाईत उरकला जातो. म्हणून 'वे' चौथ्या मात्रेवर सुरू करून पाचवीपर्यंत ओढला आहे. ऱ्हस्व अक्षर ओढू नका आणि दीर्घ अक्षर चिमटीत धरू नका. मराठी गीतात शब्द न कळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, विशेषतः इंग्रजी चालीवर मराठी शब्द घातले की. तिथे 'कृपा'चं 'कृऽऽपा' होतं, 'दया'चं 'दाया' होतं, आणि लोक ते साठ वर्षं तसंच गातात.

आता तिसऱ्या कडव्याकडे या. या चालीत पहिल्या अक्षराला दोन मात्रा आहेत. 'छाटणीची'चा 'छा' दीर्घ, बसला. 'तुटता'चा 'तु' ऱ्हस्व, 'तूऽटता' होणार. म्हणून 'तोडता सुकावे'. अर्थ तोच, माप जुळलं. असं प्रत्येक कडव्याचं प्रत्येक अक्षर पहिल्या कडव्याखाली लिहून तपासायचं. कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं. मग दुसऱ्या कडव्याला गायकवृंद अडखळतो आणि दोष तबल्याला मिळतो.

पट्टी कोणती धरायची

गीत पडण्याची जी कारणं आहेत, त्यात चुकीची पट्टी, म्हणजे सा चुकीच्या उंचीवर धरणं, हे पहिलं. रचणारा स्वतःच्या गळ्याच्या सोयीनं पट्टी धरतो. पेटीच्या सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या क्रमानं मोजल्या तर, बाई असेल तर काळी चार-पांढरी पाच, पुरुष असेल तर काळी एक-पांढरी दोन. मिश्र मंडळीत बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतरानं एकच चाल गातात. त्यामुळे सगळ्यांना झेपेल अशी एक चौकट असते: खाली मंद्र सप्तकातली पांढरी सहा, वर तार सप्तकातली पांढरी दोन. त्यापलीकडे मंडळी गात नाही, नुसते ओठ हलतात.

वरची चाल सा ते ध एवढीच आहे. सा पांढरी दोनमध्ये धरला तर धैवत पांढरी सातवर येतो, सगळ्यांना आरामशीर. याच चालीत अंतरा तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग-पर्यंत) न्यायचा असेल, तर सा काळी पाचपर्यंत खाली आणावा लागेल, तेव्हा कुठे तो गंधार वरच्या पांढरी दोनवर बसेल. मग खालच्या ओळी चौकटीच्या अगदी तळाला जातात. म्हणून पहिल्या गीताला वेगळा अंतरा देऊच नये, तिन्ही कडवी एकाच चालीत घ्यावीत.

सकाळी आठच्या उपासनेत गळे बसलेले असतात. संध्याकाळी जे सहज जातं ते सकाळी जात नाही. शंका असेल तर अर्धा स्वर खाली या, वर नको.

पेटी, ऑर्गन आणि तो एक घातक कॉर्ड

पेटी आणि तबल्यावर हे गीत तसंच उभं राहतं. अडचण येते कीबोर्ड किंवा गिटारवाल्याला. पांढरी दोनच्या पट्टीत त्याचा हात सवयीनं शेवटच्या ओळीत ए सेव्हन या कॉर्डवर (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या गटावर) जातो. त्या कॉर्डमध्ये चार स्वर आहेत: प, नि, रे, म. भूपात वर्ज्य असलेले दोन्ही स्वर त्यात एकदम आले, आणि चाल तीच असूनही गीत अचानक दुसऱ्याच गावचं वाटायला लागतं. ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण बिघडलंय हे कळतं.

उपाय सोपा. सुरुवातीला डी मेजर (सा-ग-प). 'दाटे'च्या धैवतावर बी मायनर, कारण त्यात ध-सा-ग आहे, सगळे भूपातलेच. शेवटच्या ओळीतल्या रिषभावर (रे) पूर्ण कॉर्ड न वाजवता फक्त प आणि रे. मग डी. जी मेजर टाळा, त्यात मध्यम आहे. चार आवाजांत गाणारा गायकवृंद असेल तर खालच्या आवाजांना सा-प धरून ठेवायला द्या, तानपुऱ्यासारखं. तिऱ्हाईत सुरावटीपेक्षा ते जास्त शोभतं.

दुःखसहनाच्या काळासाठी किंवा गुड फ्रायडेला भैरवी, जोगिया सुचतील. तिथे कोमल स्वरांवर मंडळी हमखास घसरते. अशा गीतात धृपद सोप्या स्वरांत ठेवून कोमल रिषभाच्या जागा एकट्या गायकाला द्याव्यात.

लय मोजून लिहा. मिनिटाला 80 मात्रा धरल्या तर 32 मात्रांचं कडवं 24 सेकंदांत होतं. पहिलं कडवं हेच धृपद. ते सुरुवातीला दोनदा, मग दोन कडवी प्रत्येकी एकदा आणि दर कडव्यानंतर धृपद, असं गायलं तर 2 मिनिटं 24 सेकंद. दानार्पणाला चार मिनिटं लागत असतील तर दोन्ही कडवी दोन-दोनदा घ्या आणि शेवटी धृपद आणखी दोनदा, बरोबर चार मिनिटं. हा हिशेब पेटीवाल्याच्या कागदावर असला की मध्येच थांबायची किंवा उगीच ताणायची वेळ येत नाही. देऊळ दगडी आणि उंच छपराचं असेल तर रिकाम्या देवळात एक टाळी वाजवा. आवाज विरायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर लय 72 वर आणा, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. भरलेल्या देवळात घुमणं कमी होतं, पण गर्दी स्वतःच लय मागे ओढते. एकूण परिणाम सारखाच.

लिहून ठेवणं

दोन कागद करा. मंडळीचा आणि वाजवणाऱ्यांचा.

वाजवणाऱ्यांच्या कागदावर देवनागरी स्वरलिपी, भातखंडे पद्धतीची: मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ. डोक्यावर पट्टी, ताल, मात्रांची गती. ऑर्गनवाल्याला पाच रेघांची लिपी लागते. त्यासाठी म्यूझस्कोर हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे, स्वराखाली मराठी शब्दही टाकता येतात. तिथे अक्षरं तोडताना जोडाक्षर मधून फोडू नका. 'सर्वकाळ' हा स-र्व-का-ळ असा जाईल, 'सर्'-'व' असा नाही. स्वराखाली पाय मोडलेला 'र्' दिसला की गाणारा तिथेच थबकतो.

सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेलं गीत दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडलं की अगम्य चिन्हं दिसतात. कित्येक मंडळ्यांची जुनी गीतं या एका कारणानं पुन्हा टाइप करावी लागली आहेत.

मंडळीच्या कागदावर फक्त शब्द. 'उपासना संगीत' या मंडळ्यांच्या गीतपुस्तकातली गीतं लोक नंबरानं ओळखतात, फळ्यावर नंबर लागला की पानं उलटतात. नव्या गीताला नंबर नाही, म्हणून कागद हातात द्यावाच लागतो. ए-फोर मधोमध कापून दोन, अक्षर 16 पॉइंट, आजी-आजोबांसाठी थोडे 20 पॉइंटचे. दीडशेच्या मंडळीला 75 प्रती पुरतात, दोघांत एक. शेजारी बसलेल्याबरोबर वाचताना माणूस जास्त मोकळा गातो. धृपद प्रत्येक कडव्यानंतर पूर्ण छापा. 'द्राक्षवेल...' असं तोकडं लिहिलं की नवखा माणूस वर शोधत बसतो आणि तोवर ओळ निघून जाते. पडद्यावर दाखवणार असाल तर एका वेळी एक कडवं, आणि पुढचं कडवं चौथ्या चरणाच्या सुरुवातीलाच बदला, संपल्यावर नाही.

शिकवणं

गायकवृंदाची पहिली तालीम पेटीशिवाय. आधी शब्द नुसते मोठ्यानं वाचा, मग टाळीवर वाचा, मग सूर. आठ-दहा जणांना पाऊण तास पुरतो. दुसऱ्या तालमीत तबला आणि पेटी.

मंडळीसमोर गीत तीन रविवारांत आणावं. पहिल्या रविवारी लोक येऊन बसत असताना फक्त पेटीवर चाल वाजवायची, काही न सांगता. दुसऱ्या रविवारी उपासनेच्या पाच मिनिटं आधी फक्त धृपद शिकवायचं, आणि उपासनेत कडवी गायकवृंदानं, धृपद सगळ्यांनी. तिसऱ्या रविवारी सगळं सगळ्यांनी. चौथ्यालाही तेच गीत ठेवा. एकदाच गाऊन बाजूला पडलेली गीतं कपाटात ढिगानं असतात.

शिकवताना एकच आवाज. चार जण चार माईकवर शिकवायला लागले की मंडळी ऐकत बसते. एका ओळीचा नमुना, मग सगळे, आणि सगळे गात असताना शिकवणाऱ्यानं माईकपासून तोंड बाजूला घ्यायचं. लोकांना स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर ते गात नाहीत. हाताची खूण फक्त स्वर वर-खाली होतो तिथे. तिसऱ्या ओळीवर हात चढता ठेवा, 'दाटे'वर थांबवा.

चूक झाली तर ओळ थांबवून सुधारायची ती उपासनेआधीच्या पाच मिनिटांत. उपासनेत नाही. महिला संघाला आणि संडे स्कूलला आठवडाभर आधी शिकवून ठेवलं तर निम्मं काम झालेलं असतं. मुलं घरी गुणगुणतात, आया उचलतात.

ध्वनिमुद्रण आणि वाटप

मोबाइल पुरतो. खोली पुस्तकांची-पडद्यांची घ्या, पंखा बंद. मोबाइल गायकाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, पेटी त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट लांब. पेटी जवळ असली की शब्द बुडतात, हा घरगुती मुद्रणातला नेहमीचा दोष. दोन मुद्रणं करा: एक गायनासह, एक नुसत्या पेटीवर. शिकण्यासाठीच्या मुद्रणात आलाप, प्रतिध्वनी, मागून येणारे कोरस काही नको. साधं गायलेलं असलं की दुसऱ्या गावचा गायकवृंद दोनदा ऐकून उचलतो.

तीन मिनिटांचं गीत 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण तीन एमबीत बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून नको, कारण तो पुढे गेल्यावर नाव हरवतं. फाइलच्या नावातच गीताचा पहिला चरण, पट्टी आणि वर्ष घाला. पीडीएफ आणि ऑडिओ एकत्र पाठवा, वेगळे पाठवले तर आठवड्यात ताटातूट होते.

हक्क आणि परवानगी

हा भाग भिडेपोटी टाळला जातो आणि नंतर मनं दुखावतात. भारतीय कॉपीराइट कायद्यात (1957) गीताचे शब्द ही एक कृती आणि संगीत ही दुसरी. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची असेल तर हक्कधारक दोन. नोंदणी सक्तीची नाही, रचना कागदावर आली की हक्क आपोआप निर्माण होतो. तो कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. टिळकांच्या शब्दांना नवी चाल द्यायला त्यामुळे आडकाठी नाही. 1970 मध्ये वारलेल्या कवीचे शब्द मात्र 2030 संपेपर्यंत वारसांना विचारूनच घ्यावेत.

कलम 52 मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला सूट आहे. ती सूट गाण्यापुरती आहे. तेच गीत पुस्तिकेत छापणं, त्याचं मुद्रण करून यूट्यूबवर टाकणं, शब्द बदलून वापरणं यात ती मोडत नाही. सिनेमाच्या चालीवर ख्रिस्ती शब्द घालण्याची जुनी सवय इथेच अडचणीत येते: देवळात कोणी काही म्हणत नाही, व्हिडिओ टाकला की हक्कदाव्याची नोटीस येते. शिवाय लोकांच्या डोळ्यांपुढे प्रार्थनेच्या वेळी नट-नटी उभे राहतात, ते वेगळंच.

वचनं शब्दशः आणि मोठ्या प्रमाणात घेणार असाल तर त्या भाषांतराच्या प्रकाशकांची लेखी परवानगी मागा. पंडिता रमाबाईंचं भाषांतर (1924) आता मुक्त आहे. स्वतःच्या शब्दांत मांडलंत, वरच्या अभंगासारखं, तर परवानगीचा प्रश्न येत नाही.

प्रत्येक कागदाच्या तळाशी तीन ओळी असाव्यात: शब्द कोणाचे, चाल कोणाची, वर्ष कोणतं. त्याखाली वापराची अट. सगळ्या मंडळ्यांनी मोफत गावं, नाव ठेवावं, विकू नये एवढंच हवं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या, व्यापार नको' हा परवाना लिहिला की पुरतं. कवी आणि चाल देणारा दोघांच्या सहीचं साधं संमतिपत्र फाइलला लावा. आज दोघं एकाच बाकावर बसत असले तरी.

उपासनेत गीत आणण्याआधी शब्द पाळकांकडे किंवा फादरांकडे, आणि जिथे उपासना समिती असेल तिथे तिच्याकडे, छापील स्वरूपात द्या. महिनाभर आधी. ऑर्गनपाशी उभं राहून पाच मिनिटं आधी दाखवलेलं गीत कुणी नीट वाचत नाही, आणि नाही म्हणणंही अवघड जातं.

सहा महिन्यांनंतर

गीत रुळलं की मंडळी ते थोडं बदलते. 'आम्ही तुझे'मधले ग ग रे रे बहुधा ग रे रे सा होतील, किंवा 'अंगोअंगी'चा शेवट कुणीतरी मंद्र धैवतावरून घेऊन सा-वर आणेल. आधी बघा, बदल कुठून आला. पेटीवाला चुकीचं वाजवतो म्हणून आला असेल तर त्याला कागद दाखवा. पण पेटी बरोबर असूनही सगळे तसंच गात असतील, तर चाल त्यांच्या गळ्याला तशी बसली आहे. मग कागदच बदला, वर 'आवृत्ती 2' आणि तारीख घाला, नवं मुद्रण करा, आणि जुनी पीडीएफ ज्या ज्या गटात गेली होती तिथे नवी पाठवून द्या.